सव्वा तासाचे कोल्हापूर–नागपूर

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आणि नागपूरचा सोनेगावचा विमानतळ यांच्यामधील सरळ हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. लहान जेट विमानास ते कापावयास सव्वा तास पुरतो. पंख्याच्या विमानास फार तर पावणेदोन. आगगाडीने जावे तर पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा पडून हाच प्रवास १,२०० किलोमीटरांच्या पुढे जातो आणि प्रवाशाचा जवळजवळ सबंध दिवस खर्ची पडतो.

थेट विमान नसेल तेव्हा मुंबईमार्गे जावे लागते. कोल्हापूर ते मुंबई सुमारे ३१० आणि मुंबई ते नागपूर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे एकंदर वाढ २९० किलोमीटरांची. आकाशात हा फरक अर्ध्या तासाचाही नाही. परंतु मुंबईस पुढील विमानाची वाट पाहण्यात जे तास जातात, ते कोणत्याही नकाशावर दाखविलेले नसतात. आठवड्यातून तीनदा, तेही भर दुपारी सुटणारे थेट विमान याहून फारसे उपकारक नव्हे. सव्वा तासाच्या प्रवासासाठी त्यात दोन रात्री परगावी काढाव्या लागतात.

वेळापत्रकाचे महत्त्व नागपूरला कोणी शिकवावयास नको. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतीच्या वाटेस लागत. कोल्हापुरास तर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ सालीच, विमानतळ लाभला होता. पत्रांच्या वाट्याला आलेली ती शिस्त माणसांच्या वाट्याला मात्र अद्याप यावयाची आहे!

केंद्र सरकारची 'उडान' योजना याच उणिवेसाठी निघाली. त्या योजनेखालील पहिली विमाने एप्रिल २०१७ मध्ये उडाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्गही होता. तोटा भरून काढण्यासाठी विमान कंपनीस तीन वर्षे अनुदान मिळते. त्याचा पाचवा हिस्सा सर्वसाधारणपणे राज्याने सोसावयाचा असतो. पुढे काय घडले ते महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात नोंदविले आहे. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले अवघे ५४. उद्घाटनाच्या फिती मात्र पुष्कळ कापल्या गेल्या.

विमानाने फिरणाऱ्यांसाठी करदात्याने पैसा का मोजावा, हा प्रश्न रास्त आहे. पण एस. टी. तोट्यातील मार्गांवरही गाड्या चालविते, ती नफ्यासाठी नव्हे. शिवाय येथे शब्दाचाही प्रश्न आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरविण्याचे ठरले, ते विदर्भास राज्यकारभार जवळचा वाटावा म्हणून. त्याच अधिवेशनासाठी दक्षिण महाराष्ट्रातून निघालेल्या नागरिकाला आपले गाऱ्हाणे मांडावयास दोन-तीन दिवस मोडावे लागत असतील, तर जवळीक साधली कोणाशी?

आमच्या मते राज्य शासनाने या मार्गास स्वतःच्या तिजोरीतून किमान पाच वर्षांची हमी द्यावी. विमान रोजचे असावे. सकाळी सुटून संध्याकाळी परतणारे असावे. ठरलेली फेरी विनाकारण रद्द करणाऱ्या कंपनीचे अनुदान त्या प्रमाणात कापले जावे, आणि ही अट करारात पहिल्याच पानावर असावी.