मदत सातला, तोटा बाराला

महामारीच्या पहिल्या तडाख्यात केंद्र सरकारने शेतकऱ्यांना दिलेल्या मदतीचा विचार आता शांतपणे करता येईल. २६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांच्या योजना जाहीर केल्या. ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत एप्रिलच्या आरंभी प्रत्येकी दोन हजार रुपये जमा होतील, हे आश्वासन त्यांतच होते. टाळेबंदीत कचेऱ्या ओस पडल्या असताना एवढी रक्कम खेड्यापाड्यांत पोहोचली, ही गोष्ट लहान नव्हे, हे मान्य करावयास हवे. पण तिला मदत म्हणणे कठीण आहे. किसान सन्मान निधीचे वर्षाकाठी सहा हजार २०१९ पासून मिळतच होते. त्यांतला एक हप्ता थोडा लवकर आला, इतकेच. त्यासाठीची ७५ हजार कोटींची तरतूद फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकातच झालेली होती. ऋणकोने ठरलेले देणे चार दिवस आधी चुकते केले, तर त्यास कोणी दानशूर म्हणत नाही.

याहून गंभीर प्रश्न आहे तो ही रक्कम कशाच्या आधारे वाटली गेली हा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोडउतारा. जमीन कोणाची हे सात सांगतो. तिच्यात काय उभे आहे हे बारा सांगतो. सन्मान निधीने पाहिले ते सातकडे, आणि तेही १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी तेथे नाव कोणाचे होते एवढेच. महामारीचा घाव मात्र बारावर पडला. मार्चअखेर नाशिक-सांगलीकडे द्राक्षांची काढणी चालू होती. तयार द्राक्ष वेलीवर फार दिवस थांबत नाही. वाहतूक नाही आणि गिऱ्हाईकही नाही म्हटल्यावर मिळेल त्या भावाने विकणे, बेदाणा करणे किंवा टाकून देणे याखेरीज काय उरते? भाजीपाल्याची आणि फुलांची तीच गत झाली. ज्याच्या घरात ज्वारी-हरभऱ्याची पोती लागलेली होती, त्यास निदान थांबता आले. दोघांच्या पदरी दोन हजारच!

वाटेकऱ्याच्या वाट्याला तेही आले नाहीत. १९४८ च्या कुळकायद्यापासून खंडाचा व्यवहार कागदावर आणावयास जमीनमालक धजत नाही. सारे तोंडी चालते. त्यामुळे बियाणे, खत, मजुरी ज्याने घातली त्याचा तोटा सरकारदरबारी घडलाच नाही, आणि हप्ता मात्र शहरात राहणाऱ्या खातेदाराच्या नावे जमा झाला.

तोटा मोजून देण्याची रीत निर्दोष आहे असे मुळीच नाही. अमेरिकेने त्याच वर्षी पिकांच्या आणि जनावरांच्या उतरलेल्या भावांवर मदत बेतली. मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर, म्हणजे मर्यादा या शब्दाची थट्टाच. बड्या शेतमालकांनाच अधिक पैसा गेल्याची टीका तेथे झाली. पण मर्यादा खाली आणता येते. सर्वांना सारखे वाटून तोटा भरता येत नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बाराची नोंद शेतकऱ्याच्याच हाती आली. त्यानंतर दोन वर्षांनी राज्य सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी सहा हजार जोडले, ते केंद्राचीच यादी पुढे ठेवून. त्या यादीतही सातच आहे.