खाली 29,000 फूट उरतातच?

पाथर्डीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी विमानप्रवासाबद्दल एक मत ठासून मांडलं आहे. मोठी विमानं आपोआपच उडतात, वैमानिक नावापुरता. त्याचं लक्ष घटकाभर दुसरीकडे गेलं तर काही बिघडत नाही. 34,000 फुटांवरून 5,000 फूट खाली आलं, तरी पायाखाली 29,000 फूट उरतातच. कुणाला खरचटलंही नसताना वैमानिकांना निलंबित करणं म्हणजे कांगावा. आणि वर हेही, की ज्यांना करंजी घाटातून धड नगर गाठण्याची खात्री नाही, त्यांनी विमानाची उठाठेव करू नये.

शेवटच्या मुद्द्याला उत्तर एवढंच: त्याच घाटात एसटीच्या चालकाने एका वळणापुरतं मोबाइलमध्ये डोकं घातलं, तर पहिल्या बाकावरून सगळ्यात आधी हेच गृहस्थ ओरडतील.

हा वाद ज्या घटनेवरून आहे ती 8 ऑगस्ट 2014 ची. जेट एअरवेजचं बोइंग 777 मुंबईहून ब्रसेल्सला निघालं होतं. तुर्कस्तानावरून जाताना कमांडर नियमाने मिळणारी विश्रांती घेत झोपले होते आणि सहवैमानिकाचं लक्ष टॅब्लेटमध्ये होतं. विमान नेमून दिलेली उंची सोडून सुमारे 5,000 फूट खाली उतरलं. कॉकपिटमधल्या दोघांनाही ते कळलं नाही. अंकाराच्या हवाई नियंत्रकाने उंची का सोडली असं विचारलं, तेव्हा कुठे जाग आली.

आता ‘29,000 फूट उरतातच’ या हिशेबाकडे. आकाश म्हणजे खोल विहीर आणि दोर लांब आहे, अशी ही समजूत. पण विमान लांबच्या पल्ल्यात ज्या उंचीवर स्थिरावतं, तिथे धोका जमिनीचा नसतोच. धोका शेजाऱ्याचा असतो. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात वर-खाली उडणाऱ्या दोन विमानांमध्ये फक्त 1,000 फुटांचं अंतर राखलं जातं. सर्वसाधारण नियमाने पूर्वेकडे जाणारी विमानं 29,000, 31,000, 33,000 अशा विषम हजारांवर आणि पश्चिमेकडे जाणारी 30,000, 32,000, 34,000 अशा सम हजारांवर असतात. ब्रसेल्सचं विमान पश्चिमेला निघालेलं, म्हणून 34,000 वर. ते 29,000 कडे घसरलं याचा अर्थ मधले चार थर ओलांडून ते समोरून येणाऱ्यांच्या थराशी पोहोचलं. ऊस भरलेला ट्रॅक्टर रात्री बिनदिव्याचा उलट्या बाजूने येतो, तेव्हा रस्त्याकडेला मोकळं रान किती आहे, हे कुणी मोजत बसतं का? हजार फूट चुकले की काय होतं, ते 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीने पाहिलं. दिल्लीहून चढणाऱ्या सौदी विमानाला 14,000 फुटांची मर्यादा होती, उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 ची. कझाक विमान त्या उंचीखाली गेलं. दोन्ही विमानांतली सगळी, 349 माणसं गेली.

राहिला ‘आपोआप’चा मुद्दा. यंत्र उंची माणसापेक्षा चांगली राखतं, यात वाद नाही. म्हणूनच त्या दाट पट्ट्यात उंची राखणारं स्वयंचलित यंत्र सक्तीचं आहे. पण यंत्राला धक्का माणसाचाच लागतो. 26 मे 2010 रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान दुबईहून पुण्याला येत होतं. कमांडर स्वच्छतागृहात गेले. सहवैमानिकाने आसन पुढे सरकवताना नियंत्रणदांडा नकळत पुढे रेटला. 37,000 फुटांवरचं विमान नाक खाली करून सुमारे 7,000 फूट कोसळलं. सहवैमानिक इतका गोंधळला की त्याला दारही उघडता आलं नाही. कमांडर आपत्कालीन सांकेतिक क्रमांक वापरून आत आले आणि त्यांनी विमान सावरलं. मंगळूरचा विमान अपघात होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. ‘कुणी दगावलं नाही’ हे त्या दिवसाचं दैव होतं, व्यवस्थेचं प्रमाणपत्र नव्हे.

आणि लक्ष घटकाभर दुसरीकडे गेलं तर काय बिघडतं, तेही पाहा. फ्लोरिडात 29 डिसेंबर 1972 रोजी चाकांचा दर्शक दिवा लागत नाही, म्हणून सगळं कॉकपिट त्या एका दिव्यात गुंतलं. ईस्टर्न एअर लाइन्सचं विमान 2,000 फुटांवरून हळूहळू दलदलीत उतरत गेलं. उंची सुटल्याची घंटा वाजली, कुणी ऐकली नाही. शंभराहून अधिक माणसं मेली.

माणूस तासन्‌तास काट्याकडे टक लावून बसू शकत नाही, हे त्या गृहस्थांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. म्हणूनच झोपेला विरोध नको. थकलेल्या वैमानिकाने ठरलेल्या वेळेपुरतं झोपणं चांगलंच. पण एक झोपला असताना दुसऱ्याने टॅब्लेटची कामं बाजूला ठेवावीत. केबिनमधल्या कर्मचाऱ्याने ठरावीक वेळाने कॉकपिटला हाक द्यावी. उंचीत जो बदल होईल तो मोठ्याने उच्चारला जावा. आणि चूक घडली तर ती कंपनीने आणि वैमानिकांनी स्वतः कळवावी. ब्रसेल्सच्या विमानाची गोष्ट नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला समजली ती एका निनावी एसएमएसमुळे.