दातांची झिलई आणि दातांचे आरोग्य

दंतवैद्याकडून दात साफ करून घेऊन आलेला मनुष्य घरी परतल्यावर प्रथम आरशासमोर उभा राहतो. दात पांढरे व तुकतुकीत दिसले, तर पैसे सत्कारणी लागले असे त्यास वाटते. तसे न दिसल्यास आपण फसलो अशी त्याची समजूत होते. हिरड्यांतून येणारे रक्त थांबेल की नाही, दातांच्या मुळाशी साचलेला थर पुरता निघाला की नाही, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाहीत. हा क्रम उलटा झाला पाहिजे, असे आमचे मत आहे. दातांना झिलई देणे हे दंतोपचारातील अखेरचे व सर्वांत गौण अंग होय. ते गरजेपुरतेच करावे. आणि कोणताही डाग पुसण्यापूर्वी तो कशाचा आहे, याची चौकशी अवश्य करावी.

'दात साफ करणे' या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन निराळ्या क्रिया येतात. आपल्या दातांवर जीवाणूंचा एक मऊ, चिकट थर सतत जमत असतो. तो वेळीच काढला नाही, तर लाळेतील खनिजे त्यात साचून तो दगडासारखा कठीण होतो. यालाच कीटण म्हणतात. हे कीटण हातातील अणकुचीदार हत्याराने अथवा अतिशय वेगाने कंप पावणाऱ्या यंत्राच्या टोकाने खरवडून काढणे, ही पहिली क्रिया. ती झाल्यावरही चहाचे, विड्याचे वा तंबाखूचे जे डाग उरतात, ते घासून पृष्ठभाग गुळगुळीत करणे, ही दुसरी क्रिया. तिच्यासाठी फिरत्या यंत्राला रबराची लहानशी वाटी लावून तिच्यात प्युमिस या ज्वालामुखीजन्य दगडाच्या भुकटीचा लगदा घेतात.

झिलईमागील तत्त्व संगमरवर घासणाऱ्या कारागिराला चांगले ठाऊक असते. कठीण कणांनी पृष्ठभाग घासला की त्यावर ओरखडे उठतात. प्रथम जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक कण वापरीत गेल्यास ओरखडे उत्तरोत्तर लहान होत जातात. ते प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रॉनहून, लहान झाले की पृष्ठभाग चकाकू लागतो. तात्पर्य, झिलई म्हणजे वरून चढविलेला लेप नव्हे. पृष्ठभाग झिजवूनच ती येते. जाड भुकटीने घासून काम तेथेच थांबविल्यास पृष्ठभाग पूर्वीपेक्षा खरखरीत होऊन पुढचे डाग त्यावर अधिक लवकर बसतात.

आता झिजते ते काय, हे पाहू. दाताचे बाह्य आवरण म्हणजे दंतवल्क. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. शरीरात त्याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. तरीही मोसच्या कठिनतामापनश्रेणीत त्याचे स्थान सुमारे 5, तर प्युमिसचे सुमारे 6 आहे. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी अदमासे अडीच मिलिमीटर असते व हिरडीकडे येताना ते अगदी पातळ होत जाते. ज्या पेशी हे आवरण घडवितात, त्या दात उगवल्यानंतर उरत नाहीत. त्यामुळे हाड मोडले तर सांधते, कातडी खरचटली तर भरून येते. परंतु झिजलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. एका वेळच्या झिलईने होणारी झीज थोड्या मायक्रॉनांचीच असते व तिची धास्ती घेण्याचे कारण नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि फ्लोराइडचा अंश ज्या थरात सर्वाधिक असतो, तोच हा सर्वांत बाहेरचा थर होय. शिवाय हिरडी मागे सरून जेथे मूळ उघडे पडले असेल, तेथील पदार्थ दंतवल्कापेक्षा पुष्कळच मऊ असतो. मग काही कारण नसता, डाग नसलेले दातही, दर सहा महिन्यांनी, जन्मभर का घासावेत?

'आरोग्यासाठी' असे यावर कोणी म्हणेल. या उत्तराची कसोटी डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे झालेल्या प्रयोगाने लागते. हॅराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात 12 निरोगी व्यक्तींनी दात घासणे मुद्दाम थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला. पुन्हा दात घासू लागताच सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या विकाराचे मूळ दाताच्या रंगात नसून जीवाणूंच्या थरात आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. झिलई दिलेल्या दातावरही काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचे पातळ पटल चढते आणि काही तासांत त्यावर जीवाणू वस्ती करू लागतात. एका दिवसाचाही पहारा न करणाऱ्या चकाकीला आरोग्यरक्षक कसे म्हणावे? म्हणूनच 1970 नंतरच्या दशकांत, जेथे डाग असेल तेथेच झिलई द्यावी, हा विचार दंतशास्त्रात पुढे आला. तो योग्य आहे.

परंतु डाग असेल तेथे तरी तो निमूटपणे पुसून टाकावा काय? आमच्या मते नाही. कारण डाग ही एक साक्ष असते. तपकिरी थर चहाचा असेल, तर काळजीचे कारण नाही. जंतुनाशक क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या दीर्घकाळ केल्यानेही असाच रंग येतो. तेथे गुळण्यांविषयी सल्ला दिला पाहिजे. मात्र तो तंबाखूचा वा सुपारीचा असेल, तर वैद्याने दातांवरून नजर काढून गालाच्या आतल्या बाजूकडे, जिभेकडे व तोंड किती उघडते याकडे वळविली पाहिजे. भारतात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचे स्थान अग्रभागी आहे, आणि त्याच्या पूर्वखुणा पुष्कळदा साध्या डोळ्यांना दिसतात. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 साली बंदी केली. तरी भाजलेल्या तंबाखूची मशेरी अद्याप अनेक घरांत दात घासण्याच्या नावाखाली वापरली जाते. अशा रुग्णाचे दात लखलखीत करून, एक शब्दही न विचारता त्यास घरी पाठविणे म्हणजे धोक्याची पाटी पुसून वाटसरूला पुढे जाऊ देणे होय.

काही डाग तर पृष्ठभागावर नसतातच. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी 1901 साली दंतवैद्यकी सुरू करणाऱ्या फ्रेडरिक मॅके यांना तेथील अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. ते घासून जात नव्हते. मॅके यांनी चिकाटीने शोध चालू ठेवला आणि अखेर 1931 साली एच. व्ही. चर्चिल या रसायनज्ञाने पाण्यातील फ्लोराइडचे आधिक्य हे त्याचे कारण दाखवून दिले. आपल्याकडे 1937 साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातील लोकांत याच फ्लोराइडमुळे हाडांना होणाऱ्या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध झाले. हे डाग दात हिरडीखाली घडत असतानाच, म्हणजे बाल्यावस्थेत, दंतवल्कात उतरतात. अशा मुलास 'तू दात घासत नाहीस' म्हणून वर्गात रागे भरणे हा अन्याय आहे. त्याच्या दातांवरील खूण गावच्या विहिरीची आहे, त्याच्या आळसाची नव्हे. तेथे रबराच्या वाटीचा उपयोग नाही. पाण्याची तपासणी करून फ्लोराइडचे प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर जात असेल, तर दुसरे पाणी मिळविणे किंवा तेच शुद्ध करणे, हाच खरा उपाय. तुरटी व चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली आहे.

दात सुंदर दिसावेत ही इच्छा कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तोंडावर हात न धरता हसता येणे, हेही एक सुख आहे. ज्याला डाग खुपतात, त्याचे डाग सौम्यातल्या सौम्य लगद्याने अवश्य काढावेत. दातांत भरलेले सिमेंट वा बसविलेली टोपी खरखरीत राहिल्यास तेथे जीवाणूंचा थर साचतो. तेथे नीट झिलई दिलीच पाहिजे. मात्र कोळसा, विटेची पूड, राख यांनी घरी दात घासणे, किंवा रस्त्यावर आम्लयुक्त पाण्याने ते पांढरे करून घेणे, यात दंतवल्काचा नाश आहे.

याउलट, कीटण काढल्याने दात हलू लागतात, या भीतीने कित्येक लोक आवश्यक उपचारही टाळतात. वस्तुतः दात हलतो तो त्याभोवतीचे हाड झिजल्यामुळे, आणि ते झिजविण्यात कीटणावरील जीवाणूंचाच हात असतो. कीटण निघाल्यावर व सूज उतरल्यावर फटी उघड्या दिसतात, एवढेच. अशा रीतीने, जे करावयास हवे त्याची आपण भीती बाळगतो आणि ज्यावाचून चालले असते त्याचे मोल देतो.

म्हणून वाचकांना आमची विनंती अशी, की पुढील वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत बसाल तेव्हा 'दात पांढरे होतील ना?' एवढेच विचारू नका. माझ्या हिरड्या कशा आहेत, हे डाग कशाचे आहेत, आणि थर पुन्हा साचू नये म्हणून मी रोज काय करावे, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचे उत्तर बहुधा साधेच मिळेल : मऊ ब्रश, फ्लोराइडयुक्त पेस्ट, सकाळी आणि रात्री. आरशात पाहण्याचे काम त्यानंतर केले तरी चालेल.