रक्त आमचे, प्रयोगशाळा कोणाची?

विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत आणि गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर 'सिकलसेल' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक असते. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. जनुकातल्या एका अक्षराचा फरक, आणि त्यापायी जन्मभराची दुखणी! कित्येक दशके संशोधक आमच्या वस्त्यांत येतात, सुई टोचतात, नमुने घेऊन जातात. त्यावर शोधनिबंध होतात, पीएच.डी. मिळतात, बढत्या होतात. आमचा सवाल साधा आहे. रक्त देणारे आम्ही, तर ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आमची मुले किती?

हा सवाल नवा नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी दरसाल दोन लाख रुपये, आणि याच विषयांच्या परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. स्वतः बॅरिस्टर असलेला हा महापुरुष नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांवर समाधान मानत नव्हता. आम्ही वकिलांनी हे विसरता कामा नये. समाजात काळे कोट वाढले, याचा आनंद आहे. पांढरे कोटही वाढले. परंतु रुग्ण तपासणारा डॉक्टर वेगळा आणि रोगाचे मूळ शोधणारा संशोधक वेगळा. कोणता रोग संशोधनास योग्य, हे हा दुसरा माणूस ठरवतो!

तिथे पोहोचायचे कसे? एम.एस्सी. करायची, सीएसआयआर, आयसीएमआर किंवा डीबीटीची फेलोशिप परीक्षा द्यायची, मग मुलाखत, मग पाच-सहा वर्षे प्रयोगशाळा. लेखी पेपरात जात दिसत नाही. मुलाखतीत आडनाव, गाव आणि इंग्रजीचा उच्चार, सारे दिसते. आत गेल्यावर सगळी दोरी एकट्या मार्गदर्शकाच्या हाती. दिल्लीच्या एम्समधील जातीय भेदभावावर डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. तो वाचल्यावर 'गुणवत्तेच्या मंदिरात जात नसते' असे म्हणण्याची कोणाची हिंमत होऊ नये.

आता कायदा पाहू. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशांत आरक्षण देणारा २००६ चा कायदा आहे. त्याच्या कलम ४ ने काही संस्थांना वगळले. परिशिष्टात नावे आहेत: मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटखालचे टाटा मेमोरियल सेंटर, मानेसरचे नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर. म्हणजे कर्करोग आणि मेंदू यांवर संशोधन करणाऱ्या नामांकित संस्थाच कायद्याबाहेर! कारण काय, तर त्या 'उत्कृष्ट' आहेत. उत्कृष्टता आणि आम्ही एकत्र नांदू शकत नाही, असे संसदेने कायद्यात लिहून ठेवले, याहून मोठा अपमान कोणता? विशेष म्हणजे हे परिशिष्ट बदलायला नवा कायदा नको. केंद्र सरकार राजपत्रातील साध्या अधिसूचनेने ते बदलू शकते. अडचण कायद्याची नाही, नियतीची आहे.

दुसरा अडथळा पैशाचा. २०२३ पासून ज्युनिअर फेलोला दरमहा ३७ हजार रुपये मंजूर आहेत. पण मंजूर होणे वेगळे, हातात पडणे वेगळे. रोहित वेमुलाने जानेवारी २०१६ मध्ये अखेरच्या चिठ्ठीतसुद्धा सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब लिहिला होता. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर कित्येक आठवडे बसून होते. प्रयोगशाळेतल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी खाद्य द्यावे लागते, रविवार असो वा सण. असा विद्यार्थी शिकवणी घेऊन किंवा हमाली करून पोट भरू शकत नाही. त्याची फेलोशिप चार महिने रखडली की प्रयोग मरतो, आणि मग 'ही मुले टिकत नाहीत' असे म्हणायला प्रस्थापित मोकळे!

जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता दिली. किंमत बावीस लाख डॉलर! २०२५ मध्ये सीएसआयआरच्या दिल्लीतील संस्थेने स्वदेशी उपचार पुढे आणला, त्याला बिरसांचे नाव दिले. नावाचा आम्हाला आनंदच आहे. पण बिरसांची लेकरे त्या टेबलापाशी संशोधक म्हणून उभी राहतील तेव्हा त्या नावाला अर्थ येईल.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. परिशिष्टातील संशोधन संस्था वगळण्याची सवलत रद्द करा. फेलोशिप दरमहा ठरलेल्या तारखेला द्या. प्रत्येक संशोधन संस्थेने आपल्याकडील पीएच.डी. विद्यार्थ्यांचे प्रवर्गनिहाय आकडे दरवर्षी जाहीर करावेत. न दिल्यास माहिती अधिकाराचा अर्ज आमच्या हाती आहेच. आणि समाजबांधवांनो, विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार जरूर करा, पण एम.एस्सी.ला बसलेल्या मुलीला 'आता नोकरी बघ' म्हणण्यापूर्वी थांबा. तिला आणखी पाच वर्षे द्या. आपल्या रक्तात काय आहे, ते जगाला आपल्याच लेकीने सांगू द्या.