दोन दाणे टोबले, तर उगवण्याची शक्यता किती?

दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता येते ती नाणी, फासे आणि ५२ पत्ते घेऊन. दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या घरातले उदाहरण मात्र वहीत येत नाही.

पेरणीआधी सोयाबीनची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायचे, आठवडाभराने कोंब मोजायचे. ७० उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. म्हणजे एक दाणा उगवण्याची संभाव्यता ७/१०.

आता मुलांना विचारा: एका जागी दोन दाणे टोबले, तर निदान एक उगवण्याची संभाव्यता किती? सत्तर अधिक सत्तर केले की १४० टक्के येतात, आणि गाडी अडते. अडू द्या. मग दहा चिठ्ठ्या करा: सातवर ‘उगवला’, तीनवर ‘नाही’. एक काढा, परत टाका, दुसरी काढा. एकूण जोड्या १० × १० = १००. दोन्ही ‘नाही’ अशा ३ × ३ = ९. उरल्या ९१, म्हणून उत्तर ९१/१००.

चिठ्ठी परत टाकलीच नाही तर? जोड्या १० × ९ = ९०, दोन्ही ‘नाही’ ३ × २ = ६, उत्तर ८४/९०. नमुना अवकाशच बदलला. परीक्षेत मुले चकतात ती अशाच एका शब्दाने. गाईडमधली पन्नास गणिते सूत्रात कोंबण्यापेक्षा अशी पाच, सगळ्या जोड्या मोजून सोडवलेली बरी. वेळ जातो, पण तो जाऊ द्यावा.

हे ९१ टक्के फक्त बियाण्याचे, हेही वर्गात सांगा. पेरल्यावर पावसाने दडी मारली, तर दोन्ही दाणे एकदमच जातात आणि हा गुणाकार लागू पडत नाही.