पाडकाम हे फावल्या वेळचे काम नव्हे



गळीत हंगाम आटोपतो, पट्टा पडतो, टोळ्या आपापल्या गावाकडे वळतात आणि ट्रॅक्टर दारात मोकळा उभा राहतो. मग आपल्याकडे एक काम हमखास निघते. कुणाला जुन्या गोठ्याचा कोबा उखडायचा असतो, कुणाला गळका हौद काढायचा असतो, कुणाची विहिरीकाठची पंपाची खोली एका अंगाला कललेली असते. मृग तोंडावर आलेला असतो आणि नवे बांधकाम पावसाच्या आत जोत्यावर यायला हवे असते. मालक म्हणतो, "काय व्हतंय त्याला? चार गडी लावू, दोन दिवसांत झोपवू." या 'झोपवू'बद्दल आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. लिहिणारे आम्ही काही पाडकामातले तज्ज्ञ नव्हे. उलट या बाबतीत हात पोळलेले आहोत, म्हणूनच लिहितो.

आपल्या भागात जुने काँक्रीट आता फार झाले आहे. दोन पिढ्यांमागे हातात उसाचा पैसा आला तसे वस्तीभोवती सिमेंट आले. त्या वेळी ते भूषण होते, आणि मातीच्या गोठ्यातून कोब्यावर आलेल्या जनावरांचे सुख आम्हीही पाहिले आहे. पण आपली जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा कोबा तिच्याबरोबर नाचतो आणि फुटतो. स्लॅबमधल्या सळया गंजतात, गंजून फुगतात आणि खालचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. त्यातच नदीकाठच्या गावांनी २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै पाहिला. पुराच्या पाण्यात दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या भिंती वरून धड दिसल्या, तरी आतून त्या पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. तेव्हा पाडायला हवे, यात वाद नाही. ते कुणी पाडायचे आणि निघालेला माल कुठे टाकायचा, हा प्रश्न आहे.

काँक्रीटच्या वजनाचा आपल्याला अंदाज नसतो. उसाचा असतो, म्हणून उसाच्या हिशेबात सांगतो. तीस फूट बाय वीस फूट गोठ्यावर चार इंची स्लॅब असेल तर तो दोनशे घनफूट होतो, म्हणजे दोन ब्रास. घनफुटाला सुमारे ६८ किलो धरले तर साडेतेरा टन वजन झाले. एका बैलगाडीत दोन टन ऊस धरा, आणि अशा सात भरल्या गाड्या डोक्यावर टांगलेल्या आहेत असे समजा. त्याखाली उभे राहून आपला गडी घण घालत असतो. शिवाय फोडलेला माल दीडपट फुगतो, दोन ब्रासचा तीन ब्रास होतो. उसाच्या ट्रॉलीत ऊस भरतो तसा तो काठोकाठ भरला की धुरा बसला म्हणून समजा.

तीन वर्षांमागे एका सभासदाच्या वस्तीवर घडलेली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही, ते कुटुंब आमच्या जवळचे आहे आणि माणूस वाईट नाही. पट्टा पडायला आठ दिवस होते. टोळीतल्या एका जोडीची उचल थोडी फिटायची राहिली होती. मालकाने सांगितले, "पंपाची खोली पाडून द्या, तेवढे त्यातून वळते करू." गड्याने दारावरच्या छज्जाच्या वरची भिंत आधी उतरवली. छज्जा मागच्या भिंतीच्या वजनावर तोललेला असतो. ते वजन काढले की तो पुढे येणारच. तो आला आणि गड्याच्या पायावर बसला. दवाखान्याचा खर्च मालकाने केला, तो नाकबूल करता येणार नाही. पण तो गडी आता लंगडतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणे त्याला जमत नाही, म्हणजे त्याचा हंगामच गेला. तो आपला सभासद नव्हता, शेअरधारक नव्हता, त्यामुळे त्याचा विषय कुठल्याही सभेच्या कामकाजात आला नाही. ऊस तोडणाऱ्या माणसाला कोयत्याचे ज्ञान असते. छज्जाचे ज्ञान त्याला असावे, ही अपेक्षा आपण कोणत्या हक्काने करतो?

आता आमची स्वतःची चूक. आम्ही गड्याला नाही लावले, जेसीबीवाल्याला बोलावले. आम्हांला वाटले, हा झाला धंदेवाईक माणूस. त्याने तासाच्या दराने काम घेतले. गोठ्याचा कोबा आणि हौद त्याने एका दिवसात उखडला, आणि त्या झपाट्यात शेजारच्या भावकीतली पीव्हीसी पाइपलाइन फोडली. लाइन तिथून गेली आहे हे त्याने विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. माल कुठे टाकणार, हेही ठरले नव्हते. तो संध्याकाळी म्हणाला, "बघतो मी." सकाळी अंगण स्वच्छ होते आणि आम्ही खूश होतो. तुकडे ओढ्यातल्या मोरीच्या तोंडाशी गेले होते. जुलैत ओढ्याला पाणी आले, मोरी तुंबली आणि पाणी त्याच भावकीच्या नुकत्याच लागण केलेल्या आडसालीत शिरले. आठ दिवस पाणी हटले नाही. कोंब कुजले. नांग्या भराव्या लागल्या त्या निम्म्या रानात. त्या घराशी आमचे बोलणे जवळजवळ वर्षभर बंद होते, आणि दोष त्यांचा नव्हता.

त्यातून आम्ही शिकलो ते एवढेच, की ज्याच्याकडे यंत्र आहे तो पाडकाम जाणतो असे नाही. चर खणणे, माती ओढणे वेगळे आणि उभे बांधकाम उतरवणे वेगळे. तसेच जुने वाडे विकत घेऊन तुळया, पत्रे, दारे नेणारे लोक असतात. लाकडी माळवद उतरवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण सळईच्या स्लॅबचे काम त्यांचे नव्हे. जाणता माणूस ओळखायचा कसा? तो दर सांगण्याआधी फिरून बघतो. स्लॅब खालून बघतो, टाचेने ठोकून बघतो. वीज कुठून आली, पाण्याची लाइन कुठून गेली, शेजारची भिंत सामाईक आहे का, विहीर किती अंतरावर आहे, हे विचारतो, कारण ब्रेकरच्या हादऱ्याने विहिरीचे जुने बांधकाम सुटू शकते. छतावर टाकी असेल तर आधी रिकामी करायला सांगतो. जे शेवटी बांधले ते आधी उतरवतो, आणि स्लॅब फोडण्याआधी टेकू लावतो. धूळ बसावी म्हणून पाणी मारतो. काँक्रीटची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुफ्फुसे निकामी होतात, हे त्याला त्याच्या धंद्यानेच शिकवलेले असते. पाडकामातल्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानकांची ४१३० क्रमांकाची स्वतंत्र संहिताच आहे. तीही हेच सांगते की आधी वीज-पाणी तोडा आणि वरून खाली या. आपल्याकडे मात्र खांबाला तारेचा दोर बांधून ट्रॅक्टरने ओढायची रीत आहे. दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो, आणि दोर उंच बांधला असेल तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. ही मर्दुमकी आता पुरे.

दोन गोष्टींविषयी तर स्पष्टच सांगतो. पहिली म्हणजे बंद पडलेला गोबरगॅसचा खड्डा. तो कितीही जुना असो, वर्षानुवर्षे शेण घातलेले नसो, तोंड उघडून लगेच कुणालाही आत उतरवू नका. आत साचलेल्या वायूंमुळे श्वासाला हवा राहत नाही, आणि त्यातला विषारी वायू नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. म्हणून 'वास येत नाही' ही खूण मानू नये. पहिला माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. दुसरी गोष्ट गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते घणाने फोडू नयेत, ओले करून अख्खे उतरवावेत.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोठ्यासाठी एवढा प्रपंच कशाला. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातले जुळे मनोरे पाडले, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. काही सेकंदांत धुरळा झाला आणि पोराटोरांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या काही सेकंदांसाठी महिनोन् महिने तयारी चालली होती. सुमारे ३,७०० किलो स्फोटके भोकाभोकांत भरली होती, आजूबाजूच्या इमारती रिकाम्या केल्या होत्या. आणि राडारोडा निघाला सुमारे ८०,००० टन, म्हणजे दररोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याचे सोळा दिवसांचे गाळप. तो हलवायला पुढे महिने लागले, पण ते टीव्हीवर कुणी दाखवले नाही. आपला गोठा लहान असला तरी हिशेब तोच आहे. पाडायला दिवस लागतो, पण माल जिरवायला जागा लागते.

सरकारनेही याची दखल घेतली आहे. २०१६ साली केंद्राने पाडकामाच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले. रस्ता किंवा गटार अडेल असा माल टाकू नये, याची जबाबदारी ज्याच्याकडे कचरा निघाला त्याच्यावर टाकली. २०२५ साली नवे नियमही जाहीर झाले. पण खरे सांगायचे तर ओढ्यात तुकडे टाकू नयेत, हे कळायला आपल्याला दिल्लीची गरज पडू नये. ओढा एकाचा नसतो. वरच्याने टाकले की खालचा बुडतो.

राहिला पैशाचा प्रश्न. जाणत्याला जास्त पैसे पडतात, हे आम्ही नाकारत नाही. तथापि काम तासावर देऊ नये, उक्ते द्यावे. साध्या कागदावर का होईना, लिहून घ्यावे: माल कुठे जाणार, सळईचे भंगार कुणाचे, पाइप फुटली तर भरपाई कुणाची, गड्यांचा विमा आहे की नाही. भंगाराला किंमत येते, ती रकमेतून वजा होऊ शकते. आणि जागा साफ होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवावा. शेवटचा हप्ता राखून ठेवणे म्हणजे काय, हे ऊस उत्पादकाला आम्ही शिकवायला नको.

एकट्याला हे जड जाते, म्हणून तर सहकार आहे. पाणी आपण मिळून उचलले, ऊस मिळून गाळतो, मग काँक्रीट एकेकट्याने का फोडावे? एका गटातल्या आठ-दहा सभासदांनी मिळून एकच जाणता ठेकेदार आणला, तर त्याचा ब्रेकर आणि त्याची माणसे एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जातील आणि ने-आणीचा खर्च वाटला जाईल. कारखान्याच्या स्थापत्य विभागातल्या अभियंत्याने पाडण्याआधी एकदा जागा बघून जावे. सळई काढून बारीक केलेला माल पाणंद रस्त्यांच्या भरावाला ग्रामपंचायतीच्या संमतीने वापरता येईल. पावसाळ्यात उसाचा ट्रॅक्टर जिथे रुततो अशा पाणंदी प्रत्येक गावात आहेत. फक्त तो माल काळ्या रानात कुणी पसरू नये. सळईचा एक तुकडा ट्रॅक्टरचे टायर फाडतो, आणि नांगराला लागलेले काँक्रीट नातवापर्यंत लागत राहते.

गेल्या चैत्रात आम्ही मोरीपुढचे तुकडे पुन्हा पैसे देऊन काढून घेतले. टाकायला लागले होते त्याच्या दुप्पट पैसे काढायला लागले. भावकीतल्या दादांनी त्या दिवशी स्वतः उभे राहून देखरेख केली, चहाही पाठवला. दोन ट्रॉल्या माल अजून मोरीच्या पोटात आहे, तो या उन्हाळ्यात निघेल.

गटवार पाडकामाची व्यवस्था कारखान्याने करावी, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही मांडणार आहोत. सूचक आम्ही आहोत. अनुमोदक हवा आहे.