कॅलिबनची भाषा

शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ हे नाटक १६११ साली इंग्लंडच्या राजदरबारात झाले. राज्य गमावलेला प्रॉस्पेरो आपली कन्या मिरांडा हिच्यासह एका निर्जनप्राय बेटावर येतो. तेथे आधीपासून राहणारा कॅलिबन त्याला गोड्या पाण्याचे झरे, सुपीक आणि नापीक जागा, सारे दाखवितो. प्रॉस्पेरो त्याला सूर्यचंद्रांची नावे शिकवितो. पुढे कॅलिबन मिरांडेच्या अब्रूवर उठतो आणि त्याच्या नशिबी लाकडे वाहणे येते. तुमची भाषा शिकून आपल्याला शिव्याशाप तेवढे देता येऊ लागले, असे तो धन्याला सुनावतो. प्रॉस्पेरोची सत्ता त्याच्या ग्रंथांत आहे. ग्रंथांच्या बळावर तो वाऱ्याला व लाटांनाही राबवितो.

या नाटकाचे मराठी भाषांतर १८७५ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी केले, हा योग अर्थपूर्ण आहे. काही वर्षांपूर्वी, विद्यार्थिदशेतच, याच कीर्तन्यांनी ग्रँट डफने १८२६ साली लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची परखड चिकित्सा केली होती. राज्यकर्त्यांची भाषा शिकून शिव्याशापच द्यावे लागतात असे नाही; आपल्या भाषेत साधार उत्तरही देता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आम्हा सावरगावकरांना हा विषय दूरचा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौसर-पांढुर्ण्याची मराठी मात्र मध्यप्रदेशातच राहिली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरी मराठी आणि कचेरीत हिंदी हा क्रम काही बदलला नाही. त्याची खंत आपण वारंवार बोलून दाखवितो, आणि ती रास्तही आहे.

परंतु याच सातपुड्यात देवगड ही गोंड राजांची राजधानी होती. तेथल्याच बख्त बुलंदशहाने नागपूर वसविले. त्या राजांच्या भाषेत बोलणारे मूल आपल्या ओसरीवर आले, की त्याच्या उच्चारांना आपण हसतो. तेव्हा प्रॉस्पेरोची भूमिका आपणच वठवीत असतो. जंगलातील पाणवठे ज्याच्या पूर्वजांना ठाऊक होते, त्याला आपण अडाणी ठरवितो.

नाटकाच्या तिसऱ्या अंकात कॅलिबन आपल्या बेटावरील नादांचे व मधुर स्वरांचे वर्णन करतो. साऱ्या नाटकात याहून कोमल भाषण क्वचितच सापडेल. ज्या भाषेत केवळ शाप येतात असे तो म्हणाला, तीच भाषा स्वतःच्या भूमीविषयी बोलताना त्याची होऊन जाते. परभाषेचे ओझे वाटू द्यायचे नसेल, तर तीत मुलाला आपले रान बोलू दिले पाहिजे.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि पालकांना एकच विनंती. झाडांचा धडा शिकविताना प्रत्येक मुलाला, तुझ्या घरी मोहाला काय म्हणतात, हे आधी विचारावे. मराठी, हिंदी, गोंडी अशी जी नावे येतील, ती सारी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. धड्यातील नाव त्यानंतर सांगितले तरी चालेल.